सावरटेकचे पाणी

"अध्यक्षांची खुर्ची कोणत्या विद्याशाखेच्या बाजूला मांडायची, यावर आपण असेच बोलत राहिलो, तर उमेदवार तोवर दुसरा प्रबंध लिहून येईल," विधी महाविद्यालयाचे प्राचार्य घटाटे म्हणाले आणि त्यांनी बशीतला उरलेला आलुबोंडा तोंडात टाकला.

वैशाखातली सकाळ होती. सभागृहाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या. शिपाई त्यांच्यावर पाणी मारीत होता, आणि आम्ही परीक्षक मंडळी व्हरांड्यात उभे राहून चहा घेत होतो. आत, पहिल्या रांगेच्या टोकाला, रेवती गुल्हाने एकटीच बसली होती. तिच्या मांडीवर प्रबंधाची प्रत होती. पण ती उघडलेली नव्हती.

त्या दिवशी तिच्या प्रबंधाची खुली मौखिकी होती. प्रबंध एक आणि विद्याशाखा चार: अभियांत्रिकी, वैद्यक, विधी आणि अर्थशास्त्र. आमच्या विद्यापीठात असे प्रथमच घडत होते. या शाखांच्या परीक्षकांपैकी कोणीही दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली बसण्यास राजी होईना, तेव्हा कुलगुरूंनी संस्कृत विभागातून मला पाचारण केले. घटाट्यांनी त्यावर तत्काळ भाष्य केले. ते म्हणाले, "शास्त्रीबुवांना यातलं काहीच कळत नाही, म्हणजे ते खरे निःपक्षपाती." मी म्हटले, न्यायाधीशांविषयीही आपले हेच मत असावे. यावर अर्थशास्त्राच्या परीक्षकांना चहाचा ठसका लागला.

विषय मात्र हसण्याचा नव्हता. आमच्या भागातील कित्येक गावांत जमिनीखालचे पाणीच सदोष. ते पिऊन मुलांचे दात पिवळे पडत, पाय धनुष्यासारखे वाकत, आणि चाळिशीचा माणूस काठी घेऊन चाले. प्राध्यापक केशवराव हिरुळकर यांनी त्यावर एक गाळणी सिद्ध केली होती. मातीचा मोठा रांजण, आत तुरटीच्या पाण्यात भिजवून भाजलेल्या मातीचे खडे, खाली तोटी. गावचा कुंभार ती घडवू शके, आणि कोणत्याही घराला ती परवडे. सुमारे चाळीस गावांत ती बसली, आणि त्या गावांत नंतर जन्मलेली मुले सरळ पायांनी धावली. मी स्वतः ती मुले पाहिली आहेत. केशवरावांना लोक 'रांजणवाले सर' म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना पदव्यांहून अधिक अभिमान होता.

रेवती ही त्यांची अखेरची विद्यार्थिनी. ती अभियांत्रिकीची; पण पाण्यामागे जाता जाता रक्त तपासायला शिकली, कायदा वाचू लागली, खर्च मांडू लागली. जुन्या झालेल्या गाळण्यांचे पुढे काय होते, एवढेच पाहण्यासाठी केशवरावांनी तिला धाडले होते. तिला जे आढळले ते असे, की काही वर्षांनी ते खडे थकतात आणि त्यांतील तुरटीचा अंश पाण्यात उतरू लागतो. निरोगी शरीर तो बाहेर टाकते. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी असतात, त्यांच्या शरीरात मात्र तो साचत जातो. प्रथम हाडांत, पुढे मेंदूत. अशा माणसांची जीभ अडखळू लागते आणि एक दिवस शब्दच येईनासे होतात.

जिल्हा परिषदेने तीच गाळणी आणखी शेकडो गावांत बसवण्याचे ठरवले होते. विद्यापीठाचा निष्कर्ष येईतो आदेश थांबला होता, आणि तो निष्कर्ष म्हणजे रेवतीचा प्रबंध. आपल्या गुरूच्या आयुष्याच्या कामावर तिने काय निर्णय द्यावा, हा त्या दिवशीचा प्रश्न होता. तिची पदवी त्याच्याच पदराला बांधलेली होती.

आत जाण्यापूर्वी बाह्य परीक्षक डॉ. ताराबाई अंकलीकर यांनी मला बाजूला घेतले. त्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. वर्ण काळासावळा, केस पांढरे, बोलणे मोजके.

"शास्त्रीजी, मी आयुष्यात इतकं प्रामाणिक काम फार थोडं पाहिलं," त्या म्हणाल्या. "आणि इतका अप्रामाणिक शेवट कधीच पाहिला नाही. मला तिला अडवावं लागेल."

"कठोरपणे?"

"मृदूपणे अडवलेलं माणूस बाजूनं निघून जातं."

मौखिकीस आरंभ झाला. केशवराव मार्गदर्शकाच्या खुर्चीत, परीक्षकांच्या मेजाच्या डाव्या हातास बसले होते. ते उंच, सडपातळ, शुभ्र सदऱ्यातले. मार्गदर्शकाने मौखिकीत प्रश्न करू नये आणि उत्तरही सुचवू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, मुंज झालेल्या बटूसारखे ताठ बसले होते.

रेवतीने तासभर उत्तम निवेदन केले. अर्थशास्त्राच्या परीक्षकांनी खर्चाविषयी विचारले, घटाट्यांनी दायित्वाविषयी विचारले, आणि तिने उभयतांस निरुत्तर केले. घटाटे तर शेवटी म्हणाले, की बाई, तुम्ही वकिली करत नाही हे माझ्या पोटापाण्याच्या दृष्टीनं बरंच आहे. श्रोत्यांत हशा पिकला. रेवती हसली नाही.

मग ताराबाईंनी चष्मा पुसला.

"गुल्हाने, तुमचं अभियांत्रिकीचं प्रकरण सांगतं, की अंश पाण्यात उतरतो, पण त्यानं अपाय होतो का, हे वैद्यकानं ठरवावं. वैद्यकाचं प्रकरण सांगतं, की अपाय दिसतो, पण त्याला गाळणी कारण म्हणायची का, हे विधीनं ठरवावं. विधीचं प्रकरण म्हणतं, की कारण मानण्याआधी लाभ आणि हानी तोलावी, ते अर्थशास्त्राचं काम. आणि अर्थशास्त्राचं प्रकरण म्हणतं, 'या संदर्भात अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.' चार घरं हिंडून पाहुणा उपाशीच परतला. तुमचं मत कुठं आहे?"

रेवती म्हणाली, की उपलब्ध पुराव्याच्या मर्यादेत याहून अधिक विधान करणे धाडसाचे ठरेल.

"तुमचा पुरावा मी वाचला आहे. तो धाडसी आहे. तुम्ही नाही आहात." ताराबाईंनी पान उलटले. "दुसरं. सर्वांत जुनी गाळणी सावरटेकला बसली, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे परिणाम दिसायचा तर तिथं सर्वांत आधी दिसायला हवा. त्या गावचा एकही रुग्ण तुमच्या अभ्यासात नाही. का?"

सभागृहात पाण्याचे शिंतोडे ताट्यांवर पडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मार्गदर्शकांचे आप्त अभ्यासात घेऊ नयेत, असा नियम आहे," रेवती म्हणाली. "सावरटेक हे सरांचं गाव. तिथली ती गाळणी त्यांच्या घरातली."

नियम खरा होता. घटाट्यांनी मान डोलावली. ताराबाई तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. माझा प्रश्न नियमाला नव्हता." त्यांनी लेखणी खाली ठेवली. ती तशी ठेवण्याचा अर्थ मला कळला. या निष्कर्षावर त्या अनुकूल मत देणार नव्हत्या. प्रबंध परत गेला असता, वर्ष-दोन वर्षे रेंगाळला असता, आणि जिल्हा परिषद तोवर थांबली नसती.

अशा वेळी केशवराव उठले.

प्रथम मला वाटले, त्यांना बरे वाटत नाही. ते मेजाला वळसा घालून खाली उतरले, श्रोत्यांच्या रांगांमधून चालत मागे गेले आणि शेवटच्या रांगेतील एका रिकाम्या बाकावर बसले. मग तेथून त्यांनी हात वर केला.

"अध्यक्ष महाराज, मौखिकी खुली आहे. श्रोत्यांपैकी कोणालाही अनुमतीनं प्रश्न विचारता येतो. मला एक विचारायचा आहे."

घटाटे माझ्याकडे झुकले. "नियमात बसत नाही हे, शास्त्रीबुवा. जागा बदलून मार्गदर्शक श्रोता होत नाही. उद्या कोणी हरकत घेतली तर सारी मौखिकी रद्द होईल."

त्यांचे म्हणणे असत्य नव्हते. परंतु ज्या शास्त्रसभांत मी वाढलो, तेथे पूर्वपक्ष दुबळा मांडून सिद्धान्ताला जिंकू देणे हा सिद्धान्ताचाच अपमान समजत. खरा पूर्वपक्ष शेवटच्या रांगेत हात वर करून बसला होता. मी ताराबाईंकडे पाहिले. त्या केशवरावांकडेच पाहत होत्या.

"विचारा," मी म्हटले.

केशवराव उभे राहिले. ज्या मुलीला ते सात-आठ वर्षे 'अगं' म्हणून हाक मारीत आले होते, तिला त्यांनी 'आपण' म्हणून संबोधिले.

"आपण सावरटेकला आला होता. तिथं माझे मोठे भाऊ, महादेव हिरुळकर, राहत. बाजार समितीत धान्याच्या हर्रासात बोली पुकारणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांचा पुकारा वेशीपर्यंत ऐकू येई. पहिली गाळणी मी स्वतः त्यांच्या ओट्यावर बसवली. मूत्रपिंडं त्यांची आधीच दुबळी होती. गेल्या वर्षी त्यांची जीभ अडखळू लागली. पुढं वाचा पूर्ण गेली. पुढं ते गेले. आम्ही वयोमान समजलो. आपण त्यांच्या रक्ताचा नमुना घेतला होता. ते कशानं गेले?"

रेवती म्हणाली, "सर, ते माझ्या अभ्यासात नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. मी अभ्यासाला विचारत नाही. अभ्यासकाला विचारतो आहे."

कोणी तरी मागे खोकले. मला एकवार वाटले की ही अनुमती परत घ्यावी. वृद्धाने आपल्या हाताने आपले शल्य उघडे करावे आणि एका मुलीने ते कापावे, हे पाहण्यास आम्ही जमलो नव्हतो. पण केशवराव हात बांधून उभे होते, जसा विद्यार्थी उत्तराची वाट पाहत उभा राहतो.

"पाण्यानं," रेवती म्हणाली.

"कोणत्या पाण्यानं? सावरटेकला विहीर आहे, तळं आहे."

"गाळणीच्या."

"शंका?"

"नाही."

"अधिक संशोधनाची आवश्यकता?"

तिने मान हलवली. मग, हे मौखिक उत्तर आहे हे आठवून, स्पष्ट शब्दांत म्हणाली, "नाही, सर. आवश्यकता नाही. जुन्या झालेल्या सगळ्या गाळण्या उतरवायला हव्यात. नव्या बसवू नयेत."

"माझं समाधान झालं," केशवराव म्हणाले आणि बसले.

पुढील कामकाज अल्प होते. परीक्षकांनी एकमताने ठरवले, की उमेदवाराने सभेत दिलेले उत्तर हाच प्रबंधाचा निष्कर्ष म्हणून लिहावा, आणि त्या अटीवर पदवीची शिफारस व्हावी. मसुदा घटाट्यांनीच सांगितला. जागा बदलल्याची हरकत त्यांनी पुन्हा काढली नाही. उलट, कोणी काढलीच तर मी बघून घेईन, असे पुटपुटले. मी निर्णय वाचून दाखवला. आमच्याकडे निर्णयानंतर उमेदवाराला नव्या उपाधीने प्रथम हाक मारण्याचा मान मार्गदर्शकाचा असतो. केशवराव मागून चालत पुढे आले, तिच्यासमोर थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "डॉक्टर गुल्हाने, अभिनंदन." टाळ्या वाजल्या, पण त्या फार वेळ वाजल्या नाहीत.

आदेश निघाला तो गाळण्या उतरवण्याचा. ते काम केशवरावांनी दुसऱ्या कोणावर सोपवले नाही. गावोगाव जाऊन, ज्या ओट्यांवर त्यांनी रांजण चढवले होते त्यांवरून ते उतरवले, आणि काय चुकले ते प्रत्येक घरी बसून सांगितले. एका गावात एका माउलीने त्यांना ओटा चढू दिला नाही. म्हणाली, या रांजणानं माझ्या पोराचे पाय सरळ ठेवले, तुम्ही कोण उतरवणारे? तेथे ते उन्हात बसून राहिले आणि संध्याकाळी तिने स्वतःच रांजण खाली ठेवला. हे सारे मला रेवतीकडून पुढे कळले. या गोष्टीला आता कितीतरी वर्षे झाली. केशवराव नाहीत, घटाटे नाहीत. पण त्या दुपारचे जे काही मी कोणापाशी बोललो नाही, ते अजून सांगायचे राहिले आहे.

परीक्षक भोजनाला गेले. अहवालावर मार्गदर्शकाची स्वाक्षरी हवी म्हणून मी, केशवराव आणि रेवती मागे राहिलो. केशवरावांनी स्वाक्षरी केली आणि लेखणी मला परत देत म्हणाले, "प्रबंधावर सही केली तेव्हाच मला कळलं होतं, शास्त्रीजी. ते शेवटचं वाक्य हिचं नव्हे. अशी वाक्यं ही लिहीत नाही." मग थोडे थांबून, "पण मलाही ते बरं वाटलं. म्हणून सही केली."

रेवती खाली मान घालून उभी होती.

"एवढं का भ्यालीस, अगं?" ते तिला म्हणाले. "मी काय तुला खाल्लं असतं?"

"मी तुम्हाला भ्याले नाही सर."

"मग?"

ते तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांच्या मुद्रेत काही पालटले.

"मोठेभाऊंना ठाऊक होतं?"

"हो."

"तू सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं. तेव्हा बोलता येत नव्हतं त्यांना. मी नमुना घेऊन उठत होते. त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडं बोट केलं, मग ओट्यावरच्या रांजणाकडं. मी मान डोलावली. खोटं बोलता आलं नाही." तिचा स्वर अगदी खाली गेला होता. "मग त्यांनी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बोट केलं, आणि माझं मनगट धरून नाही नाही अशी मान हलवत राहिले. सोडेचनात. मी हो म्हटलं, तेव्हा सोडलं."

केशवरावांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते बसले. मग स्वतःशीच हिशेब करावा तसे म्हणाले, "पण त्यानंतर ते पाणी त्यांनी सोडलं असेल. कळल्यावर."

"सोडलं होतं. मी वहिनींना सांगून ठेवलं होतं. त्या तळ्याचं पाणी उकळून द्यायच्या."

"मग उतार पडायला हवा होता."

"पडला होता, सर. दोन-चार शब्द परत आले होते. वहिनींना नावानं हाक मारली त्यांनी एकदा."

"मग?"

रेवतीने माझ्याकडे पाहिले. सांगू का, असा तो पाहण्याचा अर्थ होता.

"मग तुम्ही आलात," ती म्हणाली. "रजा काढून. त्यांच्या सेवेला म्हणून. तुमच्यासमोर ते तळ्याचं पाणी घेईनात. वहिनींनी भांडं पुढं केलं की बाजूला सारायचे आणि रांजणाकडं हात करायचे. तुम्हाला दिसावं म्हणून. वहिनींनी मला निरोप धाडला होता. मी आलेही होते. ओट्याखालून परत गेले."

बाहेर कोणी तरी भोजनाची पाने मांडल्याची वर्दी देऊन गेले. रेवती रडत नव्हती. केशवरावही नाही. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले आणि ते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे, निरखून पाहिले. मग तिला नव्हे, मला म्हणाले:

"शेवटी त्यांचे हात कापायचे, शास्त्रीजी. भांडं मी लावायचो तोंडाला. एक संपलं की दुसरं मागायचे. मला वाटायचं, माझ्या हातचं म्हणून गोड लागतंय."